शेतकी ऑफिसातील कॉफी : यंत्र साधेच घ्यावे



शेतकी ऑफिसात आणि वजनकाट्यावर कॉफीची सोय करावी, असे गेल्या दोन हंगामांपासून बोलले जात आहे. मागणी रास्त आहे. गाळप चालू असताना काटा रात्रंदिवस चालतो, पहाटे तीनला कॅन्टीन बंद असते, आणि नोंदीच्या वा बिलाच्या चौकशीला आलेला सभासद बाकावर तासभर बसून राहतो. प्रश्न एवढाच, की यंत्र कोणते घ्यावे? बटण दाबले की कप भरणारे मोठे यंत्र कराराने बसवावे, असे काहींचे म्हणणे. माझे मत याच्या विरुद्ध आहे.

बटणाच्या यंत्रात जी तयार भुकटी घालतात, तीत बहुधा दुधाची पावडर आणि साखर आधीच मिसळलेली असते. म्हणजे गोदामात आपल्या साखरेची थप्पी लागलेली, आणि आपल्याच ऑफिसात सभासद बाहेरच्या कंपनीची साखर पिणार! शिवाय ज्याला पथ्य आहे त्याने काय करायचे? (साखर कारखान्याच्या अंकात पथ्याचे बोलू नये हे कळते, पण मधुमेह घरोघरी आहे.) आणि यंत्र फुकट देणारा भुकटी त्याचीच घ्यायला लावतो. बेणे फुकट, खत मात्र माझ्याच दुकानातून, असा तो व्यवहार.

त्यापेक्षा ठिबक पद्धतीचे साधे यंत्र घ्यावे. दोन ते चार हजार रुपयांच्या आसपास मिळते. जर्मनीत ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने १९०८ साली कागदाच्या गाळणीची कॉफी काढली, आणि विजेवरचे ठिबक यंत्र १९५४ साली त्याच देशात निघाले. त्यानंतर मूळ रचना फारशी बदललेली नाही. आत पंप नसतो. तळाच्या नळीत पाणी तापते, वाफेचे बुडबुडे ते वर ढकलतात, आणि पाणी मागे फिरू नये म्हणून एक बारीक झडप असते. आपल्या विहिरीवरचा फुटव्हॉल्व्हच म्हणा ना! वर चढलेले पाणी कॉफीच्या भुकटीवर थेंबथेंब पडते. ते ९२ ते ९६ अंश तापलेले असावे. कोमट पडले तर कॉफी पांचट लागते. भुकटी सगळीकडून सारखी भिजली पाहिजे. एका कडेने कोरडी राहिली, तर बंद ड्रिपरखालच्या उसाची जी गत तीच तिची.

ड्रिपरचा विषय निघालाच आहे, तर या यंत्राचा खरा शत्रू सांगतो : आपल्या बोअरचे पाणी. क्षार नळीत बसतात, कॉफी उतरायला वेळ लागू लागतो, आणि मग यंत्र खराब निघाले म्हणून कोपऱ्यात पडते. ठिबकच्या लॅटरलना आपण ॲसिड देतो की नाही? तसे इथे महिन्याकाठी लिंबूसत्त्वाचे पाणी फिरवावे आणि मग दोनदा साधे पाणी सोडावे. शेतातले ॲसिड मात्र कोणी त्यात ओतू नये, ही हात जोडून विनंती.

दुसरी गोष्ट तव्याची. काचेचे भांडे ज्या गरम तव्यावर बसते, त्यावर कॉफी अर्ध्या तासावर ठेवली की कडू होते. तोडलेला ऊस पडून राहिला की उतारा घटतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. कॉफी उतरली की स्टीलच्या थर्मासात ओतावी आणि यंत्र बंद करावे. महागड्या यंत्राला थर्मासाचेच भांडे असते, पण वेगळा थर्मास घेतला तरी चालतो. काचेचे भांडे फुटणार हे धरून चालावे. सुटे मिळते का, हे दुकानदाराला आधीच विचारावे.

कागदी गाळणी तालुक्याला मिळेलच असे नाही, म्हणून जाळीची धुता येणारी गाळणी असलेले यंत्र पाहावे. भुकटीत चिकोरी जास्त असली तर गाळणी तुंबते. विजेचा बाऊ करू नये. हजार वॅटचे यंत्र दहा मिनिटे चालले तर युनिटचा सहावा हिस्सा. मात्र ऑफिसच्या लहान इन्व्हर्टरवर ते लावू नये.

खरा खर्च भुकटीचा आहे. सव्वा लिटरच्या भांड्याला, दूध घालायचे म्हटले तर ७०-७५ ग्रॅम भुकटी लागते. किलोत १३-१४ भांडी निघतात. निम्मे दूध घातले की एका भांड्यात आपले लहान वीस कप होतात. खोक्यावरच्या 'बारा कप' वगैरे आकड्यावर जाऊ नये, भांडे किती लिटरचे ते पाहावे.

राहता राहिली जागा. यंत्र साहेबांच्या केबिनमध्ये ठेवायचे असेल, तर ते घेऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे, आणि यात माझीही केबिन आली. पैसा सभासदांचा आहे. थर्मास बाकाशेजारी टेबलावर असावा, बाजूला गरम दूध आणि आपल्याच कारखान्याच्या साखरेचा डबा. ज्याने त्याने हवी तेवढी घ्यावी. धुण्याचे काम पाळीवार एका माणसाकडे नेमून द्यावे आणि लिंबूसत्त्व केव्हा फिरवले ती तारीख भिंतीवर लिहावी. चहा बंद होणार, अशी कुजबुज कानावर आली आहे. तसे काही नाही, चहा आहे तसाच राहील.

कोणाचे मत वेगळे असेल, तर खरेदीचा विषय बैठकीत येण्यापूर्वी शेतकी ऑफिसात लेखी द्यावे.