परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल आणि अडचणीतील कुटुंब

विधिसंघर्षग्रस्त बालकास संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय होय, ही २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाची भूमिका आहे. बालक बाल न्याय मंडळापुढे प्रथम हजर झाल्यापासून १५ दिवसांत परिविक्षा अधिकाऱ्याने सामाजिक तपास अहवाल द्यावयाचा असतो. (अधिकारी उपलब्ध नसल्यास समाजसेवकाने, अशी सोयही कायद्याने करून ठेवली आहे!) महाराष्ट्राने २०१८ साली याखाली आपले नियम केले. नियम चांगलेच आहेत. परंतु ‘वडील व्यसनी, आई धुणीभांडी करते’ असे अहवालात नोंदल्याने त्या आईच्या पदरात काय पडते, हा आमचा प्रश्न आहे. मूल अखेर त्याच खोलीत परतते.

साहाय्य नाही असे नव्हे. राज्याच्या बालसंगोपन योजनेचे अनुदान २०२३ साली दरमहा १,१०० वरून २,२५० रुपये झाले. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वापोटी ४,००० रुपयांची तरतूद आहे. मात्र त्यासाठी दाखले हवेत, बाल कल्याण समितीचा आदेश हवा. रोजंदारी बुडवून हे हेलपाटे कोणी घालावेत? घरची स्थिती स्वतः पाहिलेल्या अधिकाऱ्यानेच अर्जही भरून घ्यावा, असे आम्हांस वाटते. तोवर धर्मग्रामातील समाजसेवकांनी अशा मातांसोबत समितीच्या कार्यालयापर्यंत जावे.