गुडघ्यांना विचारून यंत्र घ्या
रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. मांडवी आणि भाट्याच्या किनाऱ्यावर रोज चालणाऱ्यांचा नेम जूनमध्ये मोडतो आणि घरात ट्रेडमिल घ्यावी की इलिप्टिकल, असा प्रश्न उभा राहतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते तो आठवड्याचा किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम दोन्हींवर होतो. हृदयाला त्यात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो गुडघ्यांना. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पायांवर येतो. इलिप्टिकलवर पाऊल पायपट्टीवरून उचललंच जात नाही, म्हणून दुखऱ्या सांध्यांना ते बहुधा मानवतं. पण हाडांना थोडा आघात हवाच असतो. गुडघे धड असतील तर माझं मत ट्रेडमिलला, तेही किंचित चढ देऊन भरभर चालण्यासाठी. मात्र वादळात वीज गेली की मोटरवरची ट्रेडमिल थांबते; चुंबकीय रोधाची बरीच इलिप्टिकल पायांच्या जोरावर चालत राहतात. खाऱ्या हवेत दोन्ही गंजतात, तेव्हा घाम लगेच पुसा. आणि घरातल्या ज्येष्ठांनी ट्रेडमिलच्या सुरक्षा-दोरीची चिमटी कपड्याला लावल्याशिवाय पट्टा सुरू करू नये.