राणीचा माग आणि दासींचे जाते

होमरच्या ‘ओडिसी’च्या पहिल्याच सर्गात एक बोलका प्रसंग आहे. ट्रॉयहून परतताना ग्रीक वीरांवर कोसळलेल्या आपत्तींचे गीत गायक गात असतो. पतीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या पेनेलोपीला ते असह्य होते व ती त्याला दुसरे गीत गाण्यास सांगते. तत्क्षणी तिचा पुत्र टेलेमाकस तिला बजावतो की, तिने आपल्या दालनात जाऊन माग सांभाळावा. बोलणे हे पुरुषांचे काम आहे. कुटुंब, खाजगी मालमत्ता व राज्यसंस्था यांच्या उगमावरील, १८८४ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एंगल्सने स्त्रीच्या अवनतीचा पुरावा म्हणून याच प्रसंगाकडे बोट दाखविले आहे.

ज्यांना असे आत धाडण्यात आले, त्यांना बोलते करण्याचे कार्य इंग्रजी भाषेतील कवयित्री गेले शतकभर करीत आहेत. एच. डी. या अमेरिकन कवयित्रीने १९१७ साली युरिडिसीच्या तोंडून ऑर्फियसला जाब विचारला. कॅरल अ‍ॅन डफी यांच्या १९९९ सालच्या ‘द वर्ल्ड्‌स वाइफ’ या संग्रहात मिडास, सिसिफस, इकॅरस यांच्या बायका बोलू लागल्या. हा सुशिक्षित स्त्रियांचा वाग्विलास आहे, भाकरीच्या लढ्याशी त्याचा संबंध काय, असे काही कार्यकर्ते विचारतील. त्यांनी मिडासची कथा पुन्हा पाहावी.

अ‍ॅरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’ ग्रंथात मिडासचा दाखला देऊन पैसा व खरी संपत्ती यांतील भेद दाखविला: जे जवळ असूनही माणूस उपाशी मरतो, ते धन कसले? डफी हाच हिशेब घराच्या बाजूने मांडतात. वर मागताना नवऱ्याने बायकोला विचारलेले नाही. त्याच्या लोभाची किंमत मात्र तिने मोजावयाची आहे. त्याच्यापासून दूर राहणे तिला भाग पडते आणि सर्वांत अधिक उणीव भासते ती त्याच्या हातांच्या स्पर्शाची. सिसिफसच्या शिळेत तत्त्ववेत्त्यांना मानवी जीवनाची निरर्थकता दिसली. त्याच्या बायकोला दिसतो तो कामापायी घर विसरलेला माणूस. मालमत्तेचे संबंध बदलले की स्त्रीचा प्रश्न आपोआप सुटेल, असे मानणाऱ्यांना या कविता अडचणीत टाकतात. आणि ते योग्यच आहे.

परंतु पत्नी म्हणजे समग्र स्त्रीवर्ग नव्हे. ओडिसिअसच्या घरात पन्नास दासी होत्या. म्हातारी युरिक्लिया ही ओडिसिअसच्या पित्याने वीस बैलांच्या मोलाने विकत घेतलेली होती. ‘इलियड’मधील कुस्तीच्या सामन्यात विजेत्यासाठी ठेवलेल्या तिवईचे मोल बारा बैल, तर पराभूतासाठी ठेवलेल्या कामसू स्त्रीचे मोल चार बैल! ओडिसिअस परतला तेव्हा पेनेलोपीच्या मागण्यादारांशी संबंध ठेवणाऱ्या बारा दासींना प्रथम प्रेते उचलावयास व रक्ताने माखलेले दालन धुवावयास लावण्यात आले आणि मग टेलेमाकसने त्यांना फासावर चढविले. राणी तेव्हा वरच्या दालनात निद्रिस्त होती.

म्हणून केवळ पेनेलोपीला वाणी देऊन भागत नाही. मार्गारेट अ‍ॅटवुड यांनी २००५ सालच्या ‘द पेनेलोपिअ‍ॅड’ या कादंबरीत याच बारा दासींचा वृंद उभा केला. राणीच्या गद्य कथनात तो पद्यातून आपली फिर्याद घुसवितो. एमिली विल्सन यांनी २०१७ सालच्या आपल्या ‘ओडिसी’च्या भाषांतरात, पूर्वीचे अनेक अनुवादक ज्यांना सेविका म्हणत आले, त्यांना स्पष्टपणे गुलाम म्हटले.

विशेष म्हणजे, होमरनेही एक आवाज राखून ठेवला आहे. विसाव्या सर्गात बारा स्त्रिया जात्यांवर राबतात. अकरा जणी दळण संपवून झोपी गेल्या आहेत. सर्वांत अशक्त असलेली एक मात्र अजून दळते आहे. जाते थांबवून ती झ्यूसकडे मागणे मागते की, ज्यांच्या दळणापायी आपले गुडघे खिळखिळे झाले, त्यांचे हे अखेरचे जेवण ठरो. जात्यावरच्या ओवीशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला हा आवाज परका वाटणार नाही. या स्त्रीला होमरने नाव दिलेले नाही.

पत्नींना बोलते करणाऱ्या कवितेचे स्वागत करावयास हवे. मात्र ती या जात्यापर्यंत पोहोचते काय, हे विचारण्याचा हक्क समाजवाद्यांनी सोडता कामा नये. तसेच, हा प्रश्न विचारणाऱ्यांनी आपल्या सभा चालू असताना आत दळण कोण दळीत असते, याचेही उत्तर द्यावयास हवे.