"त्याला आत टाका" म्हणताना

वस्तीतल्या आमच्या केंद्रावर अधूनमधून एखादी बाई येते आणि दारातच म्हणते, "ताई, पोलिसांना सांगून त्याला आत टाका. निदान पोरं रात्रीची झोपतील." नवरा नाहीतर मुलगा गर्दच्या नादी लागलेला असतो. भांडी, शेगडी, मुलीच्या कानातले डूल असे एकेक करून सगळे घराबाहेर गेलेले असते. शिक्षेने व्यसन सुटत नाही, हे मी एकदा अशा एका बाईला समजावून सांगायला गेले. ती म्हणाली, "सुटू दे नाहीतर राहू दे. मला मार नको." माझ्याजवळ उत्तर नव्हते.

तिचे ते वाक्य डोक्यात ठेवूनच मी अमेरिकेतल्या काही पोलीस अधिकाऱ्यांचे म्हणणे वाचले. २००२ साली पाच पोलिसांनी 'लॉ एन्फोर्समेंट अगेन्स्ट प्रोहिबिशन' नावाची संघटना काढली. २०१७पासून तिचे नाव 'लॉ एन्फोर्समेंट ॲक्शन पार्टनरशिप' असे आहे. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी त्या युद्धाविरुद्ध संघटना उभारली होती, तिच्यावरून ही कल्पना सुचली. जे लढले तेच सांगू लागले की युद्ध चुकीचे आहे, तर लोक ऐकतात. संस्थापकांपैकी जॅक कोल यांनी न्यू जर्सी पोलिसात २६ वर्षे काढली. त्यांतली बरीच वर्षे वेष पालटून, गिऱ्हाईक बनून तरुण मुलांना पकडण्यात गेली. नील फ्रँकलिन हे मेरीलँडचे अधिकारी. २००० साली त्यांचा सहकारी अशाच गुप्त कामगिरीत मारला गेला, तेव्हापासून त्यांचा विचार फिरला.

त्यांचा मुद्दा साधा आहे. बलात्काऱ्याला पकडले की रस्त्यावरचा एक बलात्कारी कमी होतो. पुड्या विकणाऱ्याला पकडले की त्याची जागा रिकामी होते आणि दुसऱ्या दिवशी तिथे दुसरा उभा राहतो. शिवाय पोलिसांचा वेळ या धरपकडीत जातो आणि खून-बलात्काराचे तपास रखडतात. २००९ साली डेट्रॉईटमध्ये पोलिसांच्या गोदामात बलात्काराच्या पुराव्याची ११ हजारांहून अधिक पाकिटे तपासणीविना पडलेली सापडली. त्याला इतरही कारणे होती, पण कोणत्या गुन्ह्याला पोलीस घाई करतात आणि कोणता गोदामात टाकतात, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

हे बोलणारे बरेचसे निवृत्त झालेले आहेत, हेही नोंदवते. पेन्शन सुरू झाल्यावर कंठ फुटणे आपल्याकडेही पाहिले आहे. तरी उशिरा बोललेले खरे ते खरेच.

या युद्धात बायकांचे काय झाले, ते मात्र आपणच सांगायला हवे. अमेरिकेच्या तुरुंगांत १९८० साली सुमारे २६ हजार बायका होत्या, २०१९मध्ये सव्वादोन लाखांच्या आसपास. यात अमली पदार्थांच्या कायद्यांचा वाटा मोठा. केम्बा स्मिथ ही कॉलेजात शिकणारी मुलगी. तिचा मित्र कोकेनच्या धंद्यात होता आणि तिला मारहाण करत असे. शिक्षा होण्याआधीच तो मेला. तिला साडेचोवीस वर्षांची शिक्षा झाली. मूल तुरुंगात असतानाच जन्मले. २०००च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी शिक्षा कमी केली म्हणून ती सुटली. कायद्याने किमान शिक्षा बांधून दिली की न्यायाधीशापुढे 'ती कोणाच्या धाकात होती' हा प्रश्नच फारसा उरत नाही.

आपला १९८५चा कायदा फार वेगळा नाही. घरात माल सापडला तर मनात गुन्ह्याचा हेतू नव्हता, हे आरोपीनेच सिद्ध करायचे असते. मोठ्या प्रमाणाच्या गुन्ह्याला किमान दहा वर्षे आणि जामीन जवळजवळ अशक्य. नवऱ्याने पिठाच्या डब्यात काय लपवले ते मला ठाऊक नव्हते, हे बाई कोर्टाला कशी पटवणार? याच कायद्याचे ६४अ कलम सांगते की थोड्या प्रमाणात पकडलेल्या व्यसनीने स्वतःहून उपचार घेतले तर त्याच्यावर खटला चालवू नये. किती ठाण्यांत हे कलम कोणी बोलून दाखवते? आपण तरी कितीदा बोललो?

इथे काही मैत्रिणी मला अडवतील. बाटली आडवी करायला आपणच रांगा लावल्या होत्या ना? गडचिरोलीची १९९३ची दारूबंदी बायकांच्या बळावरच आली. चंद्रपूरची २०१५ची बंदी २०२१मध्ये उठली, तेव्हा आपल्याला वाईट वाटले. मलाही वाटले. पण आपली मागणी दुकान बंद करण्याची होती. पिणाऱ्याला दहा वर्षे डांबा असे आपण कधी म्हटले नव्हते. हा फरक आपण आपल्या पत्रकांत नीट मांडला नाही, हा आपला दोष.

मग त्या बाईला काय सांगायचे? सिॲटलमध्ये २०११पासून एक प्रयोग चालू झाला. किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या व्यसनी माणसाला किंवा धंदा करणाऱ्या बाईला पोलीस कोठडीत न नेता थेट सामाजिक कार्यकर्त्याकडे सोपवतात. पुन्हा अटक होण्याचे प्रमाण त्याने घटल्याचे अभ्यासात दिसले. आपल्याला हे परके वाटू नये. १९८४ साली मुंबईत पोलिसांच्याच आवारात टाटा समाजविज्ञान संस्थेने महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि पुढे तो राज्यभर गेला. पोलिसाच्या टेबलाशेजारी आपले टेबल असू शकते, हे आपणच दाखवले आहे.

घाई मात्र नको. ऑरेगॉन राज्याने २०२१मध्ये जवळ बाळगण्याचा गुन्हा काढून टाकला, पण उपचाराची सोय वेळेत उभी केली नाही. लोक रस्त्यावरच राहिले, ओरड झाली आणि २०२४ साली गुन्हा परत आला. दवाखान्यात खाट नसताना तुरुंगाचे दार उघडले तर माणूस घरीच येतो, आणि घरी कोण असते?

म्हणून माझे म्हणणे असे की त्या पोलिसांना पाठिंबा द्यावा, पण आपली अट घालून. व्यसनाला दवाखाना, मारहाणीला कायदा. दोन्हींची सरमिसळ नको. त्या बाईसाठी आम्ही शेवटी २००५च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज केला आणि नवऱ्याचे नाव व्यसनमुक्ती केंद्रात घातले. संरक्षणाचा आदेश मिळाला. आता तो तिच्या खोलीत येत नाही, गल्लीच्या टोकाला झोपतो. केंद्रात अजून त्याचा नंबर लागायचा आहे.