ट्रकचालकाचा मालक कोण?

पालमला लोहमार्ग नाही. जवळचे रेल्वे स्थानक गंगाखेडचे. साहजिकच तालुक्याचा कापूस, सोयाबीन आणि तूर गावाबाहेर जाते ती ट्रकने, आणि खत, सिमेंट, औषधे, किराणा गावात येतो तोही ट्रकनेच. गंगाखेडकडून लोह्याकडे रात्रीच्या वेळी धावणाऱ्या या गाड्यांविषयी आपल्या मनात दोनच भावना असतात, भीती आणि चीड. गाडी चालवणाऱ्या माणसाला पगार कोण देतो आणि किती तासांच्या कामाचा देतो, हा प्रश्न आपल्या धर्मग्रामांच्या सभांतून निघाल्याचे आम्हांस स्मरत नाही.

तो एकदाच निघाल्यासारखा झाला. १ जानेवारी २०२४ रोजी मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोंतून टँकर हलले नाहीत आणि पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) अन्वये, बेदरकार वाहन चालवून एखाद्याचा मृत्यू ओढवल्यावर पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कारावास होणार होता. थांबलो तर जमाव जीव घेतो आणि पळालो तर कायदा, अशी चालकांची तक्रार होती. दुसऱ्याच दिवशी सरकारने आश्वासन दिले, की 'ऑल इंडिया मोटर ट्रान्स्पोर्ट काँग्रेस'शी विचारविनिमय केल्यावाचून हे कलम लागू होणार नाही. १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली, तेव्हा हे कलम तेवढे बाजूला ठेवण्यात आले. रांगा संपल्या, आणि त्यांच्याबरोबर आपले कुतूहलही. परंतु विचारविनिमय कोणाशी ठरला, हे किती जणांनी पाहिले? ही संघटना वाहतूकदारांची, म्हणजे गाडीमालकांची. तुरुंगाची भीती चालकाला आणि चर्चेची खुर्ची मालकाला!

कायदा नव्हता असे मात्र नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती. साप्ताहिक सुट्टी आणि जादा कामाचे दुप्पट वेतनही त्यात होते. पण तो लागू व्हायचा तो पाच वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना. आपल्याकडे बहुसंख्य ट्रक एक-दोन गाड्यांच्या मालकांचे असल्याने कायदा कागदावर आणि चालक रस्त्यावर, अशी साठ वर्षे गेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली आणि तिने ही अट पाचावरून दहा कामगारांवर नेली. सुधारणा या शब्दाचा अर्थ आम्हांस नव्याने शिकावा लागणार असे दिसते.

वेतनाची रीत तर अधिकच विलक्षण. चालकाला पैसे मिळतात ते बहुधा खेपेचे. हातखर्च म्हणून दिलेल्या ठोक रकमेतून जेवण, पंक्चर आणि नाक्यानाक्यावरची 'दक्षिणा' भागवून जे उरेल ते त्याचे. गोदामाच्या दारात माल उतरण्याची वाट पाहत दोन दिवस गेले, तर त्या हॉल्टिंगचे पैसे मिळालेच तर मालकाला. चालकाचे ते दिवस फुकट. म्हणून तो गेलेला वेळ झोपेतून कापतो. सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० साली बाराशेहून अधिक ट्रकचालकांशी बोलून जो अहवाल काढला, त्यात चालक दिवसाला सरासरी बारा तासांच्या आसपास गाडी चालवतात, आणि त्यांतील जवळजवळ निम्म्यांनी थकवा वा झोप आली असतानाही चालवत असल्याचे कबूल केले, असे आढळले. पूर्वी जोडीला क्लीनर तरी असे. आता त्याचाही पगार वाचवण्याकडे कल आहे.

यावर ठरलेले उत्तर असते: "खेपेचा दर त्याने स्वखुशीने कबूल केला आहे, जबरदस्ती कुठे आहे?" ज्या घरात चूल पेटायची आहे, तिथल्या माणसाच्या खुशीला काय अर्थ असतो? पोप तेरावे लिओ यांनी १८९१ सालच्या 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात हा युक्तिवाद केव्हाच फेटाळला आहे. करार झाला म्हणून न्याय झाला असे होत नाही. कामगाराचा साधा चरितार्थ चालेल इतके वेतन त्याला मिळालेच पाहिजे, ही त्यांची शिकवण. शंभराहून अधिक वर्षे आपण तिचे वर्धापनदिन साजरे करतो.

२००७ साली व्हॅटिकनने रस्त्यांवरील प्रेषितकार्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांतील 'चालकांच्या दहा आज्ञां'ना मोठी जागा दिली. आज्ञा उत्तमच आहेत. पण त्या स्टिअरिंग धरणाऱ्याला उद्देशून आहेत. माल उद्या सकाळपर्यंत पोहोचलाच पाहिजे, असे फोनवरून बजावणाऱ्याला कोणती आज्ञा? संत ख्रिस्तोफरचे पदक आपण आपल्या गाडीत लावतो. प्रवाशांचा हा आश्रयदाता खांद्यावर ओझे वाहणारा होता, याचा मात्र विसर पडतो.

मालक एकटाच खलनायक आहे असे आम्ही मानत नाही. एका ट्रकचा धनी स्वतःच बँकेच्या हप्त्यात अडकलेला असतो. त्याला भाडे ठरवून देतो ट्रान्स्पोर्टवाला, आणि त्याला दर पाडून मागतो व्यापारी वा कारखाना. ज्याच्या मालासाठी हे सारे चालते, तोच वेतनाच्या प्रश्नातून मोकळा! हे कोडे सुटणारे नाही असे म्हणणाऱ्यांनी मोंढ्यातील हमालाकडे पाहावे. त्यालाही एक ठरावीक मालक नव्हता. आज या दुकानी, उद्या त्या. तरी महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. मंडळे नेमली; व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरायची, आणि मंडळाने कामगाराला वेतन, भविष्यनिर्वाह निधी, रजा द्यायची. या मंडळांतही दोष शिरले, हे खरे. पण ट्रकमध्ये पोते चढवणाऱ्याला जे संरक्षण या राज्याने दिले, ते तेच पोते हजार किलोमीटर नेणाऱ्याला नाकारण्याचे कारण आम्हांस सापडत नाही. भाड्याच्या प्रत्येक बिलावर लेव्ही बसवा, ती माल पाठवणाऱ्याकडून घ्या, आणि चालकांची नोंदणी, तासांचा हिशेब व निधी मंडळाकडे सोपवा. भाडे वाढेल, हे आम्ही जाणतो. वाढू द्या, साखरेच्या किलोमागे काही पैसे आम्ही देऊ. आज ते चालक आपल्या झोपेतून देतोच आहे.

असे मंडळ सरकारने नेमेपर्यंत आपल्या हाती काहीच नाही, हेही खरे नव्हे. आपल्या धर्मग्रामांत ज्यांच्या नावावर ट्रक वा टेम्पो आहे, ज्यांची दुकाने, गोदामे वा शाळांची बांधकामे आहेत, त्यांनी एवढे तरी याच महिन्यात करावे: खेपेखेरीज चालकाला ठरावीक मासिक पगार, तोही बँकेत, हॉल्टिंगच्या दिवसाचे पैसे त्याच्या हाती, लांबच्या फेरीवर दुसरा चालक, आणि माल घेऊन आलेल्या माणसासाठी आवारात पाणी, संडास आणि पाठ टेकायला एक खाट.