देणाऱ्यांस शिक्षा

ज्याच्या घरीं सांठा अधिक तो मोठा, अशी जगाची रीत आहे. परंतु कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील क्वाक्वाकावाक, हैडा आदि लोकांत जो अधिक वाटून टाकतो तो मोठा मानला जातो. त्यांच्या या समारंभास ‘पॉटलॅच’ म्हणतात; या शब्दाचा अर्थच ‘देणें’ असा आहे.

विवाह, नामकरण, मृताचें स्मरण, वारशाची नेमणूक अशा प्रसंगीं यजमान शेजारच्या गांवांस आमंत्रण देतो. मुखवटे घालून नृत्यें होतात, पूर्वजांच्या कथा सांगितल्या जातात, आणि पाहुण्यांस भेटी वाटल्या जातात. पूर्वी त्यांत घोंगड्या, होड्या, मासळीचें तेल असे. या लोकांस तेव्हां लिपि नव्हती. म्हणून पाहुणे हेच साक्षीदार व त्यांची स्मृति हेंच दप्तर. ज्यानें भेट स्वीकारली, त्यानें यजमानाच्या हक्कास साक्ष दिली. आपण लग्नांतील आहेर वहींत मांडतों. ते मनांत मांडीत.

सरकारी अधिकारी व मिशनरी यांस मात्र यांत निव्वळ उधळपट्टी दिसली. १८८४ सालीं कायद्यानें हा समारंभ गुन्हा ठरला. १९२१ च्या नाताळांत डॅन क्रॅनमर यांनीं मोठा पॉटलॅच केला, तेव्हां ४५ जणांवर खटले झाले. कित्येक तुरुंगांत गेले, आणि जप्त केलेले मुखवटे दूरच्या संग्रहालयांत पोहोंचले. १९५१ सालीं ही बंदी कायद्यांतून वगळण्यांत आली. पुढें कांहीं वस्तु परत आल्या व त्यांसाठीं अलर्ट बे येथें १९८० सालीं ‘उमिस्ता’ हें केंद्र उघडलें.

या दानांत चढाओढ नव्हती असें नाहीं. पण ती आपल्या लग्नमंडपांत तरी कोठें कमी आहे? बंदी मागणारे सारेच दुष्ट होते असेंही मी म्हणत नाहीं. त्यांपैकीं अनेकांस आपण त्या लोकांचें कल्याणच करीत आहों असें वाटे. त्यांची चूक ही कीं, पुसण्याआधींच त्यांनीं निकाल दिला. देण्यांत धन्यता आहे असें शिकविणाऱ्यांनींच देणाऱ्यांस गुन्हेगार ठरवावें, हें वाचून आम्हां ख्रिस्ती शिक्षकांची मान खालीं जाते.

विद्यार्थिमित्रहो, सोबत्याच्या घरची एखादी चाल तुम्हांस विचित्र वाटली, तर हंसण्यापूर्वी तिचा अर्थ त्यालाच विचारा. अर्थ कळल्यावर ती पटली नाहीं, तर तसें खुशाल सांगा. पण आधीं विचारा. आम्हां वडील मंडळींसही हाच धडा पुन्हां गिरविला पाहिजे.