प्रतिपालक कुटुंबांचा शोध आणि आपली धर्मग्रामे

नाताळ जवळ आला की आपल्या धर्मग्रामांतून बालगृहांकडे तांदूळ, कपडे आणि मिठाई यांचा ओघ सुरू होतो. हे दातृत्व मनापासूनचे असते. परंतु त्याच बालगृहातील एखादे नऊ वर्षांचे मूल वर्षभर आपल्या घरी ठेवून घ्याल का, हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांना आजवर कोणी विचारलेलाच नाही. प्रतिपालक कुटुंबांच्या टंचाईचे मोठे कारण येथेच आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

प्रतिपालकत्व म्हणजे दत्तकविधान नव्हे. आई दीर्घ आजारी आहे, वडील तुरुंगात आहेत अथवा घरात व्यसनाने थैमान घातले आहे, अशा मुलांना संस्थेऐवजी कुटुंबात वाढता यावे म्हणून २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४४ मध्ये ही तरतूद करण्यात आली. मूल कोणाकडे सोपवायचे याचा निर्णय बालकल्याण समिती घेते. भावंडांची शक्यतो ताटातूट करू नये, असेही कायदा सांगतो. मिशन वात्सल्य योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा मुलासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. २०२४ च्या सुधारित सूचनांनी ३५ ते ६० वर्षे वयाच्या अविवाहित, विधवा, विधुर व घटस्फोटित व्यक्तींनाही दार उघडले. तसेच दत्तक घेण्यापूर्वीचा प्रतिपालकत्वाचा कालावधी पाच वर्षांवरून दोन वर्षांवर आणला. महाराष्ट्रातील बालसंगोपन योजनेचा आधार मुख्यतः एक पालक गमावलेल्या किंवा नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलांना मिळतो. परक्या मुलाला घरात घेणारी कुटुंबे मात्र अजूनही फार थोडी आहेत.

आपली माणसे कठोर आहेत, असे याचे कारण नाही. भीती वेगळीच आहे. लळा लागेल आणि मूल परत जाईल. समितीकडून दरमहा पाहणी होणार. घरात सरकारी माणूस येणार. मुलाचे खरे आईवडीलही समितीने मनाई केली नसेल तर ठरावीक काळाने भेटायला येणार. शिवाय वाडीतले लोक काय म्हणतील? या शंकांना भित्तिपत्रक उत्तर देऊ शकत नाही. ज्याने हा अनुभव घेतला आहे असा शेजारीच उत्तर देऊ शकतो.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात पॉसम ट्रॉट नावाची एक छोटी, गरीब वस्ती आहे. तेथील बेनेट चॅपल या बाप्टिस्ट मंडळीतील २२ कुटुंबांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सरकारी प्रतिपालन व्यवस्थेतील ७० हून अधिक मुले दत्तक घेतली. प्रथम एका घरी मूल आले. ते पाहून दुसरे घर पुढे झाले, मग तिसरे. अर्थात सारे गोड नव्हते. मुलांच्या मनावरील जखमा खोल होत्या आणि पालक थकून गेले. पण थकलेल्या घराच्या शेजारी त्याच वाटेने चालणारे दुसरे घर होते.

आपल्याकडे लहान ख्रिस्ती समूह आहेत, महिला मंडळे आहेत, संत व्हिन्सेंट डी पॉल संस्था आहे. संत योसेफाला आपण येशूचा पालकपिता म्हणतो, तेव्हा ही कल्पनाही आपल्याला परकी नाही. वसईतील कितीतरी मोठ्या घरांत मुले परदेशी गेल्यामुळे खोल्या रिकाम्या आहेत. तथापि मिस्सेनंतर एकदा सूचना वाचून काही साधणार नाही. समूहाच्या बैठकीत घरोघरी विचारावे लागेल. आणि विचारताना एकट्या कुटुंबाला नव्हे, तर पाच-सहा कुटुंबांना मिळून विचारावे लागेल. मूल एका घरी राहील. निवृत्त शिक्षिका त्याचा अभ्यास घेईल, कोणी परिचारिका औषधपाण्याकडे पाहील, कोणी समितीच्या तारखेला सोबत जाईल. एवढे आश्वासन मिळाले तर 'आम्हाला जमेल का?' म्हणणारे घर कदाचित होकार देईल.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे. पालघर जिल्ह्यात आपल्याकडे येणारे मूल बहुधा आदिवासी किंवा अन्य धर्मीय असेल. ते मूल आपल्याकडे विश्वासाने सोपवलेले असते. त्याचा बाप्तिस्मा करण्याचा विचारही मनात आणता कामा नये. त्याचे सण, त्याची भाषा, त्याचे नाव जसेच्या तसे राहिले पाहिजे. ज्याला हे मान्य नसेल त्याने या वाटेला जाऊ नये. देणगी देत राहावे, तीही उपयोगी पडते. त्याचप्रमाणे पोलीस पडताळणीत आणि घराच्या पाहणीत कोणी अपमान मानू नये. मुलांच्या सुरक्षिततेच्या बाबतीत ख्रिस्तसभेने जगभर केलेल्या चुका पाहता ही चौकशी आपणच मागून घेतली पाहिजे.

केरळने संस्थांतील मुलांना शाळेच्या सुट्टीपुरते कुटुंबात पाठवण्याचा मार्ग अवलंबिला. बिचकणाऱ्या कुटुंबांसाठी तो सोपा आरंभ आहे. मे महिन्यात असे काही आपल्या जिल्ह्यात शक्य आहे का, हे धर्मग्रामाने जिल्हा बाल संरक्षण कक्षाला विचारावे. दीर्घकाळच्या प्रतिपालकत्वाची चौकशीही तेथेच करता येते. मात्र त्याआधी घरातील स्वतःच्या मुलांना विचारावे, कारण खोली त्यांनाही वाटून घ्यावी लागणार आहे.